शहरातल्या नदीत गळ टाकण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरातून वाहणाऱ्या नदीत मासे धरायचे म्हटलं की नवखा माणूस आधी काठी कुठली घेऊ ते विचारतो. काठीचं नंतर बघता येईल. आधी पाणी ओळखायला शिका, कारण इथल्या माशांचं खाणं-पिणं, येणं-जाणं सगळं पाण्यावर ठरतं आणि पाण्याचं शहरावर.

एवढ्या घाण पाण्यात मासे असतात तरी का?

असतात, आणि पुष्कळदा भरपूर असतात. सांडपाण्याबरोबर कुजकं खाद्य येतं, त्यावर अळ्या पोसतात आणि अळ्यांवर मासे. माशाचं खरं घोडं अडतं ते ऑक्सिजनपाशी. सांडपाणी कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरून टाकतात. त्यात पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. हे प्रमाण ५ च्या खाली गेलं की बऱ्याच जातींचे मासे बेजार होतात आणि २ च्या खाली बहुतेकांचं जगणं मुश्कील होतं. कार्प, तिलापिया, मांगूर मात्र तिथेही तग धरतात. मरळ आणि मांगूर तर वर येऊन थेट हवेतून श्वास घेतात.

त्यामुळे ‘मासे आहेत म्हणजे पाणी चांगलं आहे’ हा हिशोब चुकीचा. कुठले मासे आहेत ते बघायचं.

मेलेली नदी पुन्हा जिवंत होते का?

होते, पण आपोआप नाही. लंडनमधून जाणारी थेम्स १९५७ मध्ये जैविकदृष्ट्या मृत म्हणून जाहीर झाली होती. सांडपाण्यावर प्रक्रिया सुधारली तसा पाण्यातला ऑक्सिजन वाढला आणि १९७४ मध्ये तिथे सामन मासा सापडला. सामन हा ऑक्सिजनच्या बाबतीत भलताच नखरेल मासा, म्हणून त्या एका माशाची एवढी बातमी झाली. आज त्या नदीत शंभराहून अधिक जातींचे मासे नोंदलेले आहेत.

काठावर उभं राहून पाण्याचा अंदाज कसा घ्यायचा?

आधी वास घ्या. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे तळाशी ऑक्सिजन संपला आहे आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतोय. तिथे वेळ घालवू नका. मग फेस बघा. तपकिरी, मातकट वासाचा आणि लवकर विरणारा फेस बहुधा पानापाचोळ्यातून येतो. पांढराशुभ्र, साबणाचा सुगंध येणारा फेस आपण घरून पाठवलेला असतो.

याहून चांगली परीक्षा दगडाची. रबरी हातमोजा घालून काठाच्या उथळ पाण्यातला तळहाताएवढा दगड उचला आणि त्याची खालची बाजू बघा. शेपटीला तीन बारीक तंतू असलेले चपटे किडे दगडाला चिकटून तुरुतुरु पळताना दिसले, किंवा वाळूचे कण चिकटवून केलेल्या इवल्याशा नळीतून एखादी अळी डोकं काढताना दिसली, तर पाण्यात ऑक्सिजन चांगला आहे. आणि काळ्या चिखलात नुसत्याच लालभडक, धाग्यासारख्या वळवळणाऱ्या अळ्या असतील, तर पाणी गुदमरलेलं आहे. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तात असतं तेच, जेमतेम उरलेला ऑक्सिजन धरून ठेवायला त्यांच्या उपयोगी पडतं. दगड होता तसा परत ठेवायला विसरू नका, ते कुणाचं तरी घर असतं.

बगळे आणि पाणकावळे कुठे बसतात त्यावरही नजर ठेवा. त्यांना फुकट वेळ घालवणं परवडत नाही.

नदी एवढी लांब. गळ टाकायचा कुठे?

शहरातल्या नदीला बहुतेक ठिकाणी काँक्रीटच्या भिंती घालून सरळ केलेलं असतं. सरळ, सपाट, एकसारख्या पात्रात माशाला ना आडोसा ना विसावा. म्हणून जिथे हा सरळपणा मोडतो तिथे मासे गोळा होतात.

पुलाचे खांब हे त्यातलं पहिलं ठिकाण. प्रवाह खांबाला आदळतो तिथे तळ खरवडून खड्डा होतो आणि खांबाच्या मागे संथ पाण्याचा पट्टा राहतो. मासा त्या संथ पट्ट्याच्या कडेला तोंड प्रवाहाकडे करून थांबतो आणि वाहत येणारं खाद्य टिपतो. आमिष थेट त्याच्या डोक्यावर न टाकता वरच्या अंगाला टाकून वाहत येऊ द्यावं. दुपारी पुलाची सावली आणि रात्री पुलावरच्या दिव्यांभोवती जमणारे किडे, हा तिथला आणखी फायदा. दिव्याचा उजेड पडतो आणि अंधार सुरू होतो त्या सीमारेषेवर मोठा मासा दबा धरून असतो. छोटे मासे उजेडात, मोठा अंधारात.

दुसरं ठिकाण संगमाचं. चांगल्या पाण्याचा ओढा मुख्य नदीला मिळतो तिथे दोन रंगांची पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहतात. त्या रेषेवर गळ टाका. गढूळ बाजूला लपायला मिळतं आणि स्वच्छ बाजूला श्वास. हाच प्रकार प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या मुखाशीही दिसतो. ते पाणी थंडीत नदीपेक्षा कोमट असतं, त्यामुळे थंडीच्या दिवसांत मासे तिथे जमतात. तिथे पकडलेल्या माशाचं काय करावं ते पुढे येईलच.

वळणावर बाहेरच्या बाजूला पात्र खोल असतं, आतल्या बाजूला गाळ साचतो. पाण्यावर झुकलेलं झाड, बुडालेली जुनी होडी, मोडका धक्का, हे सगळं पाहून ठेवावं. बंधाऱ्याखाली पाणी आपटून हवा मिसळते, म्हणून उन्हाळ्यात तिथे गर्दी असते. पण बंधाऱ्याबद्दल धोक्यांच्या प्रश्नात लिहिलंय ते वाचल्याशिवाय तिथे जाऊ नका.

सकाळी जावं की संध्याकाळी?

पहाट आणि तिन्हीसांजा, असं सगळे सांगतात. स्वच्छ नदीसाठी ते ठीक आहे. शेवाळाने हिरव्या झालेल्या शहरी नदीत मात्र उन्हाळ्याच्या पहाटे मासे मलूल असू शकतात. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच ऑक्सिजन वापरतं, त्यामुळे उजाडायच्या सुमाराला पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. अशा वेळी मासे वर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. ते भुकेने वर आलेले नसतात, त्यांना श्वास पुरत नसतो. त्यांना त्रास देऊ नये. अशा पाण्यात माझी पसंती संध्याकाळला.

पाऊस पडून गेल्यावर मासे चांगले लागतात म्हणतात, खरं का?

कुठला पाऊस त्यावर आहे. कोरड्या दिवसांनंतरची पहिली जोरदार सर रस्त्यांवरचं तेल, टायरची भुकटी, गटारातला साचलेला गाळ एका दमात नदीत आणते. पुष्कळ जुन्या शहरांत पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच नळातून जातं, आणि नळ भरला की जास्तीचं थेट नदीत सोडलं जातं. त्यानंतर दोन-तीन दिवस तरी नदीपासून लांब राहिलेलं बरं. पुढे पूर ओसरू लागला, पाणी गढूळ चहाच्या रंगावरून हिरवट व्हायला लागलं, की तो काळ उत्तम. काठाची माती धुऊन आलेली गांडुळं खायला मासे कडेपर्यंत येतात.

सुरुवातीला काय काय लागतं?

फार नाही. सहा-सात फुटांची मध्यम ताकदीची काठी, साधं स्पिनिंग रीळ, तीन ते पाच किलो ताण सोसणारा तंगूस (गळाला बांधायचा नायलॉनचा दोरा), थोडे गळ, दोन-तीन फ्लोट (मासा लागल्याचं दाखवणारे तरंगते बोंडे), वजनं, लांब टोकाची पक्कड, हातजाळं आणि कात्री. खोके भरून प्लास्टिकचे रंगीत मासे विकत घ्यायची घाई करू नका. त्यातले बरेचसे मासा पकडायला नाही, माणूस पकडायला बनवलेले असतात.

गळाचा नंबर उलटा चालतो, इथे सगळे गोंधळतात. १० नंबरचा गळ ४ नंबरपेक्षा लहान. १ नंबरनंतर मात्र १/०, २/० असं पुढे जाताना गळ मोठा होत जातो. कणिक किंवा मक्याच्या दाण्यासाठी ८ ते १०, गांडुळासाठी ४ ते ८ चांगला. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. तंगूस ताणलेला ठेवला तर त्यामुळे मासे फारसे सुटत नाहीत, आणि सोडताना माशाचे हाल वाचतात. स्वतःच्या बोटात घुसला तर तुमचेही.

गाठ आवळण्याआधी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करा. कोरडा नायलॉन आवळताना घर्षणाने तापतो आणि नेमका गाठीपाशी कमजोर होतो. ‘केवढा होता, तंगूस तोडून गेला’ या कहाण्यांपैकी बऱ्याच इथे सुरू होतात.

वजनं शिशाची वापरली तर काय बिघडतं?

पाणपक्षी पोटात अन्न दळलं जावं म्हणून खडे गिळतात, त्यात शिशाचे मणी जातात आणि त्यांना विषबाधा होते. ब्रिटनमध्ये राजहंस असे मरू लागल्यावर १९८७ पासून लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. टंगस्टन किंवा पोलादाची वजनं मिळतात, ती घ्या.

आमिष कुठलं चांगलं?

गांडूळ. जवळजवळ सगळे खातात, आणि वळवळणं हे त्याचं स्वतःचं काम, तुमचं नाही. त्याखालोखाल कणकेचा घट्ट गोळा, पाव, उकडलेले मक्याचे दाणे. गढूळ पाण्यात रंगापेक्षा वास महत्त्वाचा. मांगुरासारख्या मिशाळ माशांच्या तोंडात आणि मिशांवरच नव्हे, सगळ्या कातडीवर चव कळणारी केंद्रं असतात. म्हणजे तो मासा अंगानेच चव घेतो. पण मरळीसारखा शिकारी मासा हलणाऱ्या गोष्टीवर झेपावतो, तिथे चकाकणारा चमचा (चमच्याच्या आकाराचं धातूचं खोटं आमिष) किंवा रबरी बेडूक चालतो.

हाताला सनस्क्रीन, डास पळवणारं मलम, पेट्रोल, सिगारेट यांचा वास असेल तर आमिषाला हात लावण्याआधी हात धुवा. आणि मासे जमावेत म्हणून पावच्या पाव पाण्यात फेकू नका. खायचं तेवढं खाऊन उरलेलं कुजतं, पुन्हा ऑक्सिजनच खातं.

सगळं बरोबर करतो, तरी मासा फिरकत नाही. का?

बहुधा तुम्ही त्याला दिसलात, नाहीतर ऐकू आलात. पाण्याखालून माशाला वरचं जग साधारण ९७ अंशांच्या गोल खिडकीतून दिसतं. त्या खिडकीबाहेर पृष्ठभाग आरशासारखा असतो. काठाला उंच भिंत असेल आणि तुम्ही कडेवर ताठ उभे असाल, तर त्या खिडकीत तुम्ही अगदी ठळक. बसा, मागे सरका, सावली पाण्यावर पडू देऊ नका. माशाच्या दोन्ही अंगांना एक बारीक रेषा असते, तिने त्याला पाण्यातली कंपनं कळतात. काँक्रीटवर बूट आपटत चालणं किंवा डबा धाडकन ठेवणं त्याला पोचतं. वर पुलावरून बस गेली तर चालते, ती रोजचीच. नवीन आवाज त्याला खटकतो.

फ्लोट थरथरतो, पण ओढला की गळ रिकामा येतो.

हे कार्पचं काम. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते असतात घशात. तो आमिष पाण्यासकट शोषून घेतो, चाचपतो, संशय आला तर थुंकतो, पुन्हा घेतो. त्या वेळी फ्लोट नुसता थरथरतो. तो एका बाजूला सरकू लागेपर्यंत किंवा तिरका बुडेपर्यंत हात आवरा. मग झटका नको, काठी नुसती वर उचला. लहान मासेही असाच त्रास देतात. ते आमिषाचे कडेचे तुकडे ओरबाडतात, तेव्हा फ्लोट टकटक उडतो. तिथे गळ लहान करा, नाहीतर जागा बदला.

गळ तळाशी अडकला तर?

शहरातल्या नदीच्या तळाशी सायकली, तारा, पोती, फर्निचर, काय वाटेल ते असतं. काठी वाकवून हिसके मारू नका, काठी मोडेल. आधी तंगूस सैल सोडा, पाच-दहा पावलं वरच्या अंगाला जा आणि तिकडून हलकेच ओढून बघा. नाहीच सुटला तर काठी सरळ अडकल्या जागेच्या दिशेने धरा, तंगूस एका लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा, तोंड बाजूला वळवा आणि ओढून तोडा. हाताला गुंडाळू नका, तंगूस कातडी कापतो. जेवढा तंगूस परत आला तेवढा घरी न्या. काठावर टाकलेल्या तंगुसात पक्ष्यांचे पाय अडकतात आणि झडतात.

पकडलेला मासा खायचा का?

माझं उत्तर: नाही, जोवर त्या पट्ट्यातल्या माशांची तपासणी होऊन खायला हरकत नाही असं अधिकृतपणे सांगितलेलं नसेल.

नीट शिजवला तर जंतू मरतात, हे खरं. पण शिजवून पारा जात नाही. पाऱ्याचं मिथाइलमर्क्युरी हे रूप माशाच्या मांसातच बसतं, त्यामुळे कातडी काढा, पोट साफ करा, ते तिथेच राहतं. लहान मासा मोठ्याच्या पोटात, तो आणखी मोठ्याच्या, असं करत पारा साचत जातो. म्हणजे सगळ्यात मोठा, सगळ्यात म्हातारा शिकारी मासा, ज्याचा फोटो काढावासा वाटतो, तोच खायला सगळ्यात वाईट. पीसीबीसारखी रसायनं चरबीत साचतात. त्यांच्या बाबतीत कातडी आणि पोटाकडची चरबी काढून थोडा फायदा होतो, सगळा नाही. गरोदर बाई आणि लहान मुलं यांना तर हा मासा देऊच नये, कारण पाऱ्याचा घाला वाढत्या मेंदूवर होतो.

हे किती काळ टिकतं याचं उदाहरण अमेरिकेतल्या हडसन नदीचं. तिथे कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात पीसीबी नदीत गेलं. १९७६ मध्ये नदीच्या वरच्या भागात मासेमारी बंद केली, आणि १९९५ मध्ये परत परवानगी दिली ती मासा पकडून सोडण्यापुरतीच. पाणी वरून नितळ झालं तरी गाळ विसरत नाही.

मग सोडायचा असेल तर नीट कसा सोडायचा?

आधी हात ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगांपासून वाचवतो, कोरड्या हाताने किंवा टॉवेलने तो निघून जातो. मासा तापलेल्या काँक्रीटवर टाकू नका. शहरातल्या काठांवर हा प्रकार फार दिसतो आणि पाहवत नाही. हातजाळ्यात, पाण्यातच ठेवून पक्कडीने गळ काढा. कल्ल्यात बोटं घालू नका. गळ घशात खोल गेला असेल तर खेचू नका, तोंडाजवळ तंगूस कापा. गळ उपसून काढण्यापेक्षा असं सोडलेले मासे जास्त जगतात.

फोटो काढायचा तर तुम्ही श्वास रोखून धरू शकाल तेवढ्या वेळात काढा. मग तोंड प्रवाहाकडे करून मासा पाण्यात सरळ धरा आणि तो स्वतःच्या जोराने निघेपर्यंत थांबा. पाणी फार कोमट असेल तर त्या दिवशी गळच टाकू नये. झुंज देऊन दमलेल्या माशाला सावरायला पुरेसा ऑक्सिजन त्या पाण्यात नसतो.

घरच्या काचपेटीतले मासे नदीत सोडले तर चालेल?

नाही. काच चाटणारा सकर मासा दक्षिण अमेरिकेतला. तो आज आशियातल्या आणि उत्तर अमेरिकेतल्या कित्येक नद्यांत माजला आहे. काठात बिळं करून तो काठ ढासळवतो आणि त्याच्या कडक कवचामुळे त्याला खाणारे थोडेच. मरळीच्या कुळातला एक आशियाई मासा २००२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडमधल्या एका तळ्यात सापडला तेव्हा सगळं तळं विषारी औषध घालून रिकामं करावं लागलं. २००४ मध्ये तोच मासा वॉशिंग्टनजवळून वाहणाऱ्या पोटोमॅक नदीत निघाला. नदीला औषध घालता येत नाही. तो आता तिथलाच झाला आहे.

दुसऱ्या पाण्यातून आणलेलं जिवंत आमिष उरलं तर तेही नदीत ओतू नका.

परवाना लागतो का?

पुष्कळ ठिकाणी लागतो, आणि एकाच नदीच्या दोन काठांना दोन वेगळे नियम असू शकतात. प्रजननाच्या काळात बंदी, माशाची किमान लांबी, पुलावरून किंवा बंधाऱ्याजवळ मनाई, हे सगळं जायच्या आधी तिथल्या मत्स्य खात्याकडून आणि नदीकाठ ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून विचारून घ्या. काठावर बसलेल्या काकांनी ‘इथे सगळे टाकतात’ म्हटलं, तो परवाना नव्हे.

खरा धोका कशाचा?

माशाचा नाही. पहिला धोका बंधाऱ्याचा. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली गोल फिरत राहतं आणि त्यात सापडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडे ओढून तळाशी नेतं. बघायला ते गुडघाभर पांढरं पाणी दिसतं. पट्टीचे पोहणारे त्यात बुडाले आहेत. त्याच्यापासून बरंच अंतर राखून खालच्या अंगाला, सुक्या काठावर उभे राहा.

दुसरा, डोक्यावरच्या विजेच्या तारा. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, आणि तारेला काठी न टेकताही झटका बसू शकतो. तारांखालून जाताना काठी आडवी धरा.

तिसरा, अचानक वाढणारं पाणी. वर धरणातून पाणी सोडलं की तुमच्यावर ऊन असतानाही नदी चढते. पाणी एकाएकी गढूळ झालं, काड्या-पानं वाहत आली, आवाज बदलला, तर सामान गोळा करत बसू नका, वर या.

चौथा, लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मुतातले जंतू पाण्यातून हातापायांच्या जखमांवाटे शरीरात जातात. जखम असेल तर पट्टी आणि हातमोजे वापरा, काठावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. नंतरच्या महिनाभरात ताप आणि पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं, तर नदीच्या पाण्याशी संबंध आला होता हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. काटेदार गळ बोटात खोल घुसला तर तो उपसू नका, तंगूस कापून दवाखान्यात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

एके दिवशी नदीत मेलेले मासे तरंगताना दिसले. काय करायचं?

हात लावू नका, आणि कुत्र्यालाही जाऊ देऊ नका. पण नजर टाकून घ्या, कारण काही तासांत पुरावा वाहून जातो. बहुतेक मोठेच मासे मेलेले आणि छोटे काठाशी धापा टाकतायत, पहाटेची वेळ, तर ऑक्सिजन संपल्याची शक्यता जास्त. लहान-मोठे सगळे एकदम, खेकडे आणि बेडूकही मेलेले, तर विषारी सांडपाण्याचा संशय घ्यावा. वरच्या अंगाला चालत जा आणि मेलेले मासे दिसायचे थांबतात ती जागा शोधा. जे काही नदीत पडलं ते बहुधा तिथेच कुठेतरी पडलं असतं. त्या जागेचा, नाल्यांच्या मुखांचा आणि पाण्याच्या रंगाचा फोटो घ्या, वेळ लिहून ठेवा आणि प्रदूषण नियंत्रणाचं काम ज्या खात्याकडे असेल त्याला लगेच फोन करा. नुसते ‘मासे मेले’ असं न सांगता किती अंतरात, कुठल्या जातीचे, कुठल्या नाल्याच्या खाली, हे सांगितलं तर पाण्याचा नमुना वेळेत आणि योग्य जागी घेतला जायची शक्यता वाढते.